हिशेबात न लागणारं पाणी

अर्जाच्या अकराव्या पानावर एक रकाना आहे :
हिशेबात न लागणारं पाणी, टक्क्यांत.
मी डेलला हाक मारली.
तो पंपघरातून आला, चिखलाचे बूट दाराबाहेर काढून,
म्हणाला, एक्केचाळीस.
म्हणजे शंभर बादल्या शुद्ध करायच्या
आणि एक्केचाळीस जमिनीला पाजायच्या.
कुठं मुरतंय? विचारलं.
त्यानं खिडकीतून सगळं गावच दाखवलं.

कोल्बर्ट फोर्क. वस्ती अकराशे बारा.
खाण बंद, शाळा डोंगरापलीकडे गेलेली,
न्हावी फक्त गुरुवारी.
टॅनर्स रन एरवी एवढासा ओढा,
पोरं उडी मारून ओलांडतात.
मार्चमध्ये तो मेन स्ट्रीटचा मालक.
पावसाचं पाणी आणि घरांचं सांडपाणी
इथं एकाच पाइपात निजवलंय,
एका अंथरुणात दोन भांडखोर भाऊ.
जोराची सर आली की एक दुसऱ्याला लाथ मारतो
आणि दुसरा उठतो
थेट मेथडिस्ट चर्चच्या तळघरात.

नकाशा जोडा, म्हणतो अर्ज.
नकाशा डेलच्या डोक्यात.
बियाण्याच्या दुकानाच्या कॅलेंडरमागे त्यानं तो काढून दिला :
मोठा व्हॉल्व्ह, मिसेस ग्रब यांच्या सफरचंदाच्या झाडापासून
नऊ पावलं उत्तरेला.
झाड नाही आता. मिसेस ग्रबही नाहीत.
पावलं आहेत, पण ती डेलची,
आणि त्याला यंदा गुडघा बदलायचाय.

मग उत्पन्नाचा तक्ता.
गाव पुरेसं गरीब निघालं तर निम्मं मुद्दल माफ.
ऑक्टोबरभर घरोघर फिरले, क्लिपबोर्ड छातीशी धरून.
ज्यांच्या लग्नात नाचले त्यांनाच विचारलं,
वर्षाला किती येतात हो?
व्हिल्मा क्रोपनं आकडा कानात सांगितला,
घरात तिसरं कुणी नव्हतं तरी.
हायरम स्टॅकनं दार लावून घेतलं.
दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या फटीतून चिठ्ठी :
आकडा घाल, नाव घालू नकोस.
गावाच्या कामी येईल इतका लहान आहे.

बेरीज तीनदा केली.
दोनशे बारा डॉलर्सनी आम्ही मर्यादेच्या वर.
गाव आयुष्यात पहिल्यांदा श्रीमंत ठरलं
आणि मला ते कुणाला सांगावंसं वाटेना.

उरलं सगळंच कर्ज. मुदत तीस वर्षं.
मी एकसष्ट.
सभेत हायरम उभा राहिला, टोपी हातात :
फेडणाऱ्यांना विचारलंय का कुणी?
आम्ही सगळे मागच्या रांगेकडे वळलो.
लीअ‍ॅनचं बाळ होतं तिथं. झोपलेलं.
चार विरुद्ध एक. ठराव मंजूर.
हायरमनं जाताना सगळ्यांच्या खुर्च्या नीट लावल्या.

शेवटच्या दिवशी, पाचला वीस कमी,
पडद्यावरचं चाक फिरत राहिलं.
डेल म्हणाला, याचाही व्हॉल्व्ह अडकलाय.
आणि मग पोचपावती आली,
एवढीशी, सोळा आकड्यांची.
ती मी फ्रिजवर लावली, नातवाच्या चित्राशेजारी.

एप्रिलात पत्र.
यादीत आम्ही सत्तेचाळीसावे.
पैसे अडतिसाव्यापाशी संपले.
पुढील वर्षी आपल्या अर्जाचे स्वागत आहे.
त्याच आठवड्यात चर्चच्या तळघरात
गुडघाभर पाणी. प्रार्थनेची पुस्तकं
आम्ही बाहेर दोरीवर वाळत घातली,
कपड्यांच्या चिमट्यांनी.

आज जुनाच अर्ज उघडलाय.
गावाचं नाव तेच, ओढा तोच.
डेल काठी टेकत आला, म्हणाला, चव्वेचाळीस लिही आता.
लिहिलं.
आणखी एकाच ठिकाणी बदल.
मुख्य पाइपाचं वय : अठ्ठ्याण्णव खोडून नव्याण्णव.
शंभरी भरली की गुण जास्त मिळतात का,
ते तळटिपांमध्ये शोधतेय.